घाणीला एकच शब्द

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारातच अडलं. आजीनं कमरेची दोरी दोन्ही मुठींत आवळून धरली होती आणि सिस्टरच्या हातातली कात्री आपल्या गळ्यावरच फिरणार असल्यासारखी ती तिच्याकडे बघत होती.

आजी काय बोलते ते कुणालाच कळेना. शेजाऱ्यांनी तिला आणून दाखल केलं होतं. मुलाला पोचायला संध्याकाळ होणार होती, आणि आतडं फुटलेलं माणूस संध्याकाळपर्यंत थांबत नाही. शेवटी कुणाला तरी आठवलं, की पुरुष वॉर्डात साफसफाई करणारी मावशी फोनवर असलंच काहीतरी बोलत असते. मावशी रबरी हातमोजे काढत धावतच आली.

"तेलाघामानं काळी झालीय ती दोरी," सर्जनबाई म्हणाल्या. "आणि मला पोट उघडायचंय नेमकं तिथंच. सांगा तिला, घाण आहे ती. काढावीच लागेल."

मावशीच्या बोलीत घाणीला एकच शब्द होता. गटारातल्या गाळालाही तोच आणि पापालाही तोच. देवाचं नाव घेऊन बांधलेल्या दोरीला तो शब्द लावला असता, तर आजी पोटातल्या कळा घेऊन स्ट्रेचरवरून उतरली असती.

"मावशी, बोला ना!" सिस्टर म्हणाली. "बीपी पडतंय तिचं."

"आजी," मावशी आपल्या बोलीत म्हणाली, "आत रक्त सांडणार. देवाची वस्तू तिथं कशाला न्यायची? बाहेर राहू दे. बाटायला नको."

आजीची मूठ जराशी सैल झाली.

"मी एवढंसं बोलले," सर्जनबाई म्हणाल्या, "तुम्ही गाडाभर काय सांगितलंत?"

"आमच्यात तेवढं लागतं, मॅडम."

आजी धापा टाकत बोलू लागली. कापायची नाही, गाठ सोडायची. जमिनीला टेकवायची नाही. ती आतून बाहेर येईपर्यंत कुणीतरी हातात धरून उभं राहायचं. "तू राहशील?" तिनं विचारलं. मग तिची नजर मावशीच्या निळ्या कोटावरून खाली उतरली, ओल्या चपलांवर थांबली. "तू इथं काम काय करतेस, पोरी?"

पन्नाशीच्या मावशीला कितीतरी वर्षांनी कुणी पोरी म्हटलं होतं. नर्स आहे म्हणून सांगावं. कळणार कुणाला? त्या दारात तिचं खोटं पकडू शकेल असं दुसरं कुणीच नव्हतं. मघाशी तिनं डॉक्टरणीचा शब्द वाकवला होता, पण तो डॉक्टरणीचा होता. हे हात तिचे स्वतःचे होते.

"संडास धुते, आजी," ती म्हणाली. "आत्ता तिथूनच आले."

आजीनं डोळे मिटले. मुठी पुन्हा आवळल्या.

"काय झालं? काय सांगितलंत तिला?" सिस्टर कळवळून म्हणाली. "होत आलं होतं ना!"

मावशी आजीच्या तोंडाशी वाकली. आजी डोळे न उघडताच पुटपुटली, "धू. वाहत्या पाण्यात. सात वेळा."

दाराशेजारीच सर्जनबाईंचं हात धुवायचं बेसिन होतं. मावशी रोज ते घासून लखलखीत करायची, पण त्याच्या नळाखाली तिनं कधी हात धरला नव्हता. आपल्याला काय करायचंय ते तिनं चाचरत सांगितलं.

"मॅडम, हे बेसिन..." सिस्टर मधे पडली.

"वेळ नाही, सिस्टर." सर्जनबाई एका अंगाला सरकल्या. "या मावशी. नळाला हात लावायचा नाही, कोपरानं उघडायचा. बोटांपासून सुरुवात. नखं, बेचक्या, मग मनगट. पाणी कोपराकडे उतरलं पाहिजे, उलटं नाही."

दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून हात धुऊ लागल्या. स्ट्रेचरवरून आजी मोजत होती. एक. दोन. मधे कळ आली की आकडा दातांत अडकायचा आणि मावशी पाण्याखाली हात धरून थांबायची. पाच म्हणायला आजीला फार वेळ लागला. सहाला आवाज फुटला नाही, फक्त ओठ हलले.

सातव्याला तिनं मुठी उघडल्या.

ओल्या बोटांनी गाठ सुटता सुटेना. मावशीचं नख मुडपलं, पण दोरी निघाली. सिस्टरनं लगबगीनं आजीचा अंगठा शाईत बुडवून संमतीच्या कागदावर टेकवला, आणि स्ट्रेचर आत गेलं.

मावशी भिंतीपासून हातभर लांब उभी राहिली. सर्जनबाई धरतात तसे हात छातीसमोर उचललेले, कोपरं अंगापासून दूर, बोटांत दोरी. खांदे भरून आले. नाकावर माशी बसली, तिनं मान झटकून ती उडवली. दोन तासांनी सिस्टरनं दार किलकिलं केलं. "टाके घालतायत. वाचली तुमची आजी. शुद्धीवर यायला थोडा वेळ लागेल." मावशीनं मान हलवली. हात खाली घेतले नाहीत.

तेवढ्यात जिन्यावरून मुकादम तणतणत आला. "इथं काय पुतळा होऊन उभी राहिलीस? तिकडं पुरुष वॉर्डात पाणी तुंबलंय! चल आधी!" आणि त्यानं तिचा दंड धरायला हात पुढं केला.

मावशी झटकन दोन पावलं मागं सरली.

"लांबूनच बोला, साहेब," ती म्हणाली. "मला शिवू नका."