पाच सेकंद उशिरा

लॅपटॉप पुन्हा मध्येच बंद पडला आणि काकूंचं वाक्य अर्धवट राहिलं.

"बघितलंत?" काका दुरुस्तीवालीला म्हणाले. "दहा मिनिटं झाली की असा तापतो आणि मान टाकतो."

तिनं लॅपटॉपच्या बुडाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. "कुणी उघडला होता?"

"मीच. प्रोसेसर बदललाय. आधीचा फार हळू होता."

काकांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली होती; उघडून बघण्याची त्यांना भीती नव्हती. घशाच्या ऑपरेशननंतर काकूंचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्या टाइप करायच्या आणि लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलायचा. तो आवाज ऑपरेशनआधी दवाखान्यात रेकॉर्ड करून घेतला होता. फक्त बटण दाबल्यावर शब्द बाहेर पडायला पाच सेकंद लागायचे. जेवणाच्या टेबलावर पाच सेकंदांत विषय कुठल्या कुठे जातो. लेक-जावई हसून मोकळे व्हायचे आणि मग काकूंचा विनोद यायचा. एके काळी समोरच्याचा शब्द खाली पडू न देणारी ही बाई. हळूहळू तिनं टाइप करणंच सोडलं.

नवा प्रोसेसर बसला आणि आठवडाभर घर दणाणून गेलं. काकूंनी जावयाची फिरकी घेतली, लेकीला झापलं, काकांना तर सोडलंच नाही. मग जसजसं बोलणं वाढलं, तसतसा लॅपटॉप तापायला लागला.

दुरुस्तीवालीनं खालचं झाकण काढलं. बराच वेळ आत बघत राहिली.

"प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट अगदी पातळ आणि सारखी लावलीय. स्क्रूही नीट आवळलेत. हात चांगला आहे काका तुमचा."

"मग चुकलं कुठे?"

तिनं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तांब्याची चपटी नळी दाखवली. "उष्णता बाहेर न्यायला ही एवढीच वाट. ही आधीच्या प्रोसेसरच्या मापाची आहे, पस्तीस वॉटच्या. तुम्ही बसवलाय पंचेचाळीसचा. पंखा बिचारा जीव तोडून फिरतो, पण पुरा पडत नाही. मग जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं."

"मोठी नळी बसवा."

"जागाच नाही. नवीन लॅपटॉप घ्या ना."

"हिचा आवाज फक्त यातच चालतो. दवाखान्यात विचारून आलोय."

"मग याचा वेग बांधून ठेवावा लागेल. पण मग नवा काय नि जुना काय. त्यापेक्षा आधीचाच असेल तर आणा, निदान मध्येच बंद तरी पडणार नाही."

काकूंनी पर्स उघडली आणि बॉबिनची एक डबी काढून काउंटरवर ठेवली. आत कापसावर जुना प्रोसेसर होता.

"हा तुझ्याकडे होता?" काका बघतच राहिले. "अगं, पुन्हा सगळे तुझ्याआधी बोलून मोकळे होतील. पुन्हा गप्प बसशील तू."

काकूंनी डबी दुरुस्तीवालीकडे आणखी थोडी सरकवली.

अर्ध्या तासानं लॅपटॉप सुरू झाला. काकूंनी तो स्वतःकडे वळवला, टाइप केलं, बटण दाबलं.

एक सेकंद. दोन. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुरुस्तीवालीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"एकेचाळीस वर्षांत," लॅपटॉपमधून काकूंचा आवाज आला, "हे एवढा वेळ गप्प बसलेले मी पहिल्यांदाच बघतेय."

दुरुस्तीवाली खळखळून हसली. काकाही हसले, हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग स्टूल ओढून काकूंच्या समोर बसले. काकूंची बोटं पुन्हा चालू लागली होती. या वेळी वाक्य बरंच लांब दिसत होतं.

तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं. "अहो, माझा चार्जर..."

दुरुस्तीवालीनं मागे न बघताच हात वर केला.

"थांबा जरा. काकू बोलतायत."