लोखंडात मुरलेलं बोलणं

प्रमिलाबाईंच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडताच सुबराव मेस्त्री नेहमीसारखे कडाडले, "कुठल्या गाढवानं हात लावला होता याला?" आधीच्या मेकॅनिकला शिव्या घातल्याशिवाय त्यांचं काम सुरूच होत नसे.

त्यांनी नवा स्कॅनर जोडला. तो बिघाडाचा कोड तर दाखवायचाच, शिवाय बिघाड झाला त्या वेळी इंजिनाच्या लोखंडात मुरलेलं बोलणंही ऐकवायचा.

स्पीकर खरखरला. "आटे गेलेत बोल्टचे. राहू दे, बसवू ठोकून. बाईमाणसाची गाडी, तिला काय कळतंय!"

आवाज सुबरावांचाच होता, नऊ वर्षांपूर्वीचा. पाना हातातच राहिला. त्यांना मान वर करवेना.

"तेव्हाही मी इथंच उभी होते, मेस्त्री," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. "गावात दुसरं गॅरेज कुठंय?"