अंगठ्याएवढा ठिपका

रंगाऱ्याची एक जुनी खोड होती. पांढऱ्याशी पांढरा जुळवायचा असला, की तो अंगठ्याने भिंतीवर ठिपका लावायचा आणि वाळू द्यायचा. वाळल्यावर ठिपका सापडला नाही, म्हणजे रंग जुळला.

या खोलीतला मोतिया रंग बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुसऱ्या कंपनीचा डबा पिवळट निघाला, तिसरीचा राखाडी. शेवटी दोन्ही कालवून त्याने खिडकीपाशी ठिपका लावला आणि जेवून आला. ठिपका गायब!

"वहिनी, शोधा बघू माझा ठिपका!" भिंतीला पाठ टेकून त्याने ऐटीत हाक मारली.

घरमालकीण हसत आली आणि दारापासून भिंत चाचपू लागली. "हा काय, ओलाच आहे की अजून."

"तिथे नाही लावला मी."

तिच्या बोटांना पुढे आणखी एक लागला, मग आणखी एक. डोळ्यांना एकही दिसत नव्हता. सगळे अंगठ्याएवढे, सगळे ओले, आणि ओळीने त्याच्याच दिशेने निघालेले.

"चेष्टा पुरे हं, भाऊ." तिचं हसू मावळलं होतं.

"एकच लावला हो मी. आईशप्पथ!"

तेवढ्यात त्याच्या मानेला काहीतरी गार टेकलं. तो दचकून वळला.

"थांबा," ती म्हणाली, "मानेवर लागलाय तुमच्या. पुसते."

तिने पदर पुढे केला, आणि हात तसाच राहिला.

"काय झालं, वहिनी?"

"आत्ता तर होता," ती पुटपुटली. "आता सापडत नाहीये."