चपलेची पैज

"डॉक्टरनं टोचलेलं पायाला सगळीकडं कळलं, तर नवरात्र उठेपर्यंत चपलेचं नाव काढायचं न्हाई," मथुराबाईंनी सदाशिव पेठेतल्या दवाखान्याच्या पायरीवरच सुनेला बजावलं.

"आणि नाही कळलं तर?" नम्रताने विचारलं.

"तर तू देशील ती चप्पल घालीन. मथुराचा शब्द हाय."

उद्या घटस्थापना. नवरात्रात रोज बाणेरहून चतुःशृंगीला अनवाणी चालत जायचं, हे सासूबाईंचं व्रत लग्नापासूनचं. वाटेवरची शेतं गेली, काचेच्या कंपन्या आल्या, त्यातल्याच एकीत नम्रता नोकरीला लागली; व्रत काही हललं नाही. साखरेचा आजार जडला तरी नाही. उलट हल्ली मथुराबाई गावभर सांगत सुटल्या होत्या, "पूर्वी खडे टोचायचे, डांबर भाजायचं. आता काय बी न्हाई. देवी प्रसन्न झाली!"

हे ऐकलं की नम्रताला माहेर आठवायचं. अमरावतीला तिच्या वडिलांनाही साखरच होती. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर तळव्यात रुतत राहिला आणि त्यांना पत्ताच नव्हता. पुढे पाय कापावा लागला. ते पुन्हा पाहायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. सासूबाई हट्टी खऱ्या, पण सूनही काही कमी नव्हती.

डॉक्टरांनी तळवे निरखून पाहिले. "जखम नाही. मुंग्या येतात?"

"मागल्या साली यायच्या. देवीच्या किरपेनं त्याबी गेल्या."

"आमच्याकडे कृपेचे निकाल लागत नाहीत, आजी. पायांचे लागतात." डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक दोरा बसवलेली काडी उचलली आणि आधी मथुराबाईंच्या मनगटावर टेकवली. "असं कळलं की 'हो' म्हणायचं."

"व्हय!" मथुराबाई ठणकावून म्हणाल्या.

"छान. आता डोळे मिटा."

त्यांनी डोळे गच्च मिटले, हनुवटी वर केली. पैज जिंकायचीच होती.

दोरा अंगठ्याला टेकला आणि वाकला. मग मधल्या बोटाला. मग चवड्यावर, इकडे, तिकडे. नम्रता दर वेळी सासूबाईंच्या ओठांकडे पाहत होती. जिंकायला म्हणून ती आली होती, आणि आता मनातल्या मनात देवीलाच विनवत होती, म्हणू दे गं, एकदा तरी 'व्हय' म्हणू दे.

डॉक्टर दुसऱ्या पायाकडे वळले.

मथुराबाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्या वैतागून म्हणाल्या, "अवं डॉक्टर, सुरू करा की आता! किती येळ ताटकळत बसायचं?"