उजवा खिसा

"खिशात हात घाल. लाकडं होतील बोटांची," इंद्रजित मान न वळवता ओरडला.

बारामती मागं पडली होती. धुकं इतकं, की पुढची उसाची बैलगाडी आधी घुंगरांवरून कळायची आणि मग दिसायची. इंद्रजितनं आपल्या हातांची सोय घरीच करून घेतली होती. दोन्ही पंज्यांवर जुने पायमोजे, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, मनगटाला सुतळी. त्याची बायको राजेश्वरी राजदूत फटफटीवर मागं एका अंगानं बसलेली, डावा हात मांडीवरच्या कपड्यांच्या पिशवीवर, उजवा नवऱ्याच्या कमरेला. तिनं तो उजवा हात त्याच्या कोटाच्या खिशात सारला.

ऊब लागली तसं बरं वाटलं. मनातलं कुसळ मात्र निघेना. ऊस तोडणीला आलेला, घरात माणूस पुरत नाही, आणि अशा दिवसांत सासऱ्यानं जेवता जेवता आपण होऊन म्हणावं, "सूनबाई, इंदापूरला आईकडं जाऊन या चार-आठ दिवस"? आबांनी? ज्यांनी चुलत्याच्या दहाव्यालासुद्धा तिला एका मुक्कामावर परत बोलावून घेतलं होतं? वाफ्यातलं पाणी एकाएकी आटलं म्हणजे वर कुणीतरी दारं मोडून पाणी दुसरीकडं वळवलंय, एवढं कुणब्याच्या लेकीला सांगावं लागत नाही. आणि हा पण लगेच "सोडून येतो" म्हणाला. एरवी माहेरचं नाव काढलं की ह्याला कामं आठवतात.

बोटं ऊन झाली आणि चाळवायला लागली. खिशाच्या तळाशी काहीतरी चुरचुरलं. वाळलेलं विड्याचं पान. त्याच्या घडीत टणक असं खांड. तिनं ते चिमटीत धरून बाहेर काढलं. सुपारी होती, फोडलेली. बोटांना हळदकुंकू लागलं होतं.

देवळातली असेल, तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. पण देवापुढची सुपारी अख्खी असते. हळदकुंकू वाहून फोडतात ती सोयरिकीची, चार माणसं बसवून, लग्न पक्कं झाल्यावर. मग घरात लग्नाचं होतं कोण? धाकट्या दिराचं गेल्या उन्हाळ्यात उरकलं. नणंदा आपापल्या घरी नांदत होत्या. राहता राहिला हा पुढ्यात बसलेला, ज्याच्या घरात इतक्या वर्षांत पाळणा हलला नव्हता.

तिला रडू आलं नाही, संताप आला. केसानं गळा कापायला निघालाय, आणि वर म्हणतोय बोटांची लाकडं होतील. तिनं सुपारी मुठीत आवळली आणि हात परत खिशात घातलाच नाही.

वालचंदनगरच्या फाट्यावर त्यानं चहासाठी गाडी लावली. हॉटेलातली भट्टी नुकतीच पेटली होती, शेजारचं एसटीडीचं खोपटं अजून बंद होतं. इंद्रजितनं दातानं सुतळी सोडली, पिशव्या आणि मोजे काढले आणि हातांवर हात चोळत बाकड्यावर बसला. राजेश्वरी त्याचं तोंड न्याहाळत होती. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण ह्याच्या तोंडावर काही दिसेना.

"तुमच्या कोटाच्या खिशात काय हाय?" तिनं विचारलं.

"कुणाला ठावं. ह्यो माझा न्हाय, आबांचा हाय. माझा बाहीला उसवलाय. निघताना आबांनीच अंगावर टाकला, म्हणाले, गारठशील."

बापलेकाचे दोन्ही कोट तिच्या लग्नात एकाच ताग्यातून शिवलेले. पहाटेच्या अंधारात तिला फरक कळायचं कारणच नव्हतं. आता कळलं. सोमवारी आबा इंद्रजितच्या मामांना घेऊन भिगवणकडं म्हैस बघायला गेले होते. "म्हशीला बघायला कोट?" ती सहज हसली होती, आणि आत्याबाईंनी, तिच्या सासूनं, तोंड फिरवलं होतं. म्हैस काही दावणीला आली नव्हती.

तिनं सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही कुणाची?"

"मिळाली असंल आबांना कुठल्या तरी लग्नाच्या सुपारीत."

"कुठल्या? सोमवारी आबा म्हैस बघायला गेलते ना? आणि मला आजच का माहेरी धाडलं? लग्नाचं कोण राहिलंय आपल्या घरात, तुमीच सांगा."

एकेक गोष्ट इंद्रजितच्या डोक्यात उतरत गेली, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. नाटक नव्हतं ते. नवऱ्याचं नाटक तिला लगेच ओळखू यायचं.

"तुझी आण," तो म्हणाला. "आबांनी मला इचारलं बी न्हाय."

"इचारलं असतं तर?"

चहा आला. त्यानं ग्लास दोन्ही हातांत धरला आणि आत बघत बसला. रस्त्यावरून उसाची एक गाडी करकरत गेली, तिच्या मागून दुसरी गेली. राजेश्वरी थांबली. एक शब्द ऐकायला ती दिवसभर थांबली असती.

"आबांपुढं कोण बोललंय आजवर?" तो शेवटी म्हणाला.

तिनं चहाला हात लावला नाही. पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभी राहिली. धुक्यातून बारामतीकडं जाणारी एसटी दिवे लावून येत होती.

"अगं, कुठं चाललीस? इंदापूर हिकडं हाय," तो बाकड्यावरून उठत म्हणाला.

"तुमी जावा," ती एसटीला हात करत म्हणाली. "आईला सांगा, राजीला यायला जमलं न्हाय. तिच्या घरात कार्य निघालंय."