उघड्या आभाळाचा फोन

आमच्या जावईबापूंच्या कंपनीनं आभाळात उपग्रह सोडून एक फोन काढला होता. वाळवंटात लागायचा, भर समुद्रात लागायचा, फक्त डोक्यावर छप्पर आलं की तोंड शिवल्यासारखा गप्प. असला फोन घेणार कोण? कंपनी बुडायला आली, आणि शेवटचं एकच मोठं गिऱ्हाईक ऑफिसात फोन बघायला यायचं होतं.

"आज विकला गेला नाही, तर उद्यापासून सगळे घरी बसा," मोठे साहेब म्हणाले.

जावईबापू महाडोकेबाज! त्यांनी मीटिंगच्या खोलीवरचे पत्रेच उतरवून ठेवले. गिऱ्हाईक भर उन्हात घाम पुसत वर बघायला लागलं, तर हे म्हणतात कसे, "हल्ली ऑफिसांची हीच फॅशन आहे, साहेब!"

फोन पहिल्या झटक्यात लागला. गिऱ्हाईक जावईबापूंच्या गळ्यातच पडलं. "खोलीत बसूनसुद्धा इतका खणखणीत आवाज! हजार फोन द्या!"

मोठ्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. सहज विचारलं, "एवढे फोन कुणासाठी हो?"



"आमच्या कोळशाच्या खाणीतल्या लोकांसाठी. दिवसभर जमिनीच्या पोटात असतात बिचारे."