उतरलेली पट्टी

अलेक्झांड्रियाच्या थिएटरात भर दुपारी मी रात्रीच्या मैफलीसाठी व्हायोलिन लावत होतो. दार लोटून गायिका बदरिय्या, सगळ्यांच्या 'सित्त', म्हणजे बाईसाहेब, स्वतः आत आल्या. लहानपणी मी ज्यांच्या रेकॉर्डी झिजवल्या, त्या!

"बाळा, पट्टी अर्ध्या स्वरानं उतरव. वरचा सूर आता माझ्यानं लागत नाही. कुणापाशी बोलू नकोस हं."

खुंटी पिळताना माझे डोळे भरून आले. वर पाहिलं तर खोलीत कुणी नव्हतं.

तिन्हीसांजेला मॅनेजर रडत आला. सित्त सकाळीच कैरोला घरी वारल्या होत्या.

"लोकांना सांगितलंय, पण कुणी उठत नाही. त्यांचं गाणं नुसतं वाजवा तरी."

विंगेत मी ऊद वाजवणाऱ्या वहबीकाकांच्या कानाशी लागलो. "काका, माझी पट्टी उतरलेली आहे."

ते पांढरेफटक पडले. "गाढवा, माझीही! तुला कुणी सांगितलं?"

बाकीचे साथीदार खाली मान घालून उभे होते. पट्टी जुळवून घ्यायला खुंटीला कुणीच हात लावला नाही.

आम्ही वाजवत सित्तच्या गायच्या ओळीपर्यंत आलो आणि तेवढी जागा मोकळी सोडून थांबलो. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

समोर मात्र रडणारं अख्खं थिएटर दाद देत एकदम ओरडलं, "अल्लाह, सित्त! तीच ओळ पुन्हा!"